थरारपटाची पहिली तीन मिनिटं : कॅमेऱ्याच्या या चुका टाळा

पावसाळा सरला की माझ्या वसरीवर पोरं यायला लागतात. कुणी फोंड्याहून, कुणी डिचोलीहून, कुणी पार पेडण्याहून. काखेत लॅपटॉप आणि तोंडात एकच वाक्य, "दादा, जरा बघा ना, सुरुवात जमत नाहीय." बहुतेकांनी थरारपट केलेला असतो. मी गेली अठरा वर्षं गोव्यात कॅमेरा चालवतोय. लग्नं केली, देवळांचे उत्सव केले, माहितीपट केले, लघुपट तर मोजले नाहीत. पोरांनी विचारलं की मी नाही म्हणत नाही. चहा ठेवतो आणि बघायला बसतो.

आणि बसलो की तेच. माडांच्या शेंड्यांवरून ड्रोन. मग तिरका कॅमेरा. मग रानातून धावणारे पाय, धापा, थरथरणारं चित्र. काळा पडदा, लाल अक्षरांत नाव. दीड मिनिट संपलेलं असतं आणि पडद्यावरच्या एकाही माणसाची मला काळजी वाटायला लागलेली नसते.

या पोरांनी सिनेमे बघितलेले नाहीत असं नाही. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, कॉलेजची मुलं रांगा लावून जगभरचे चित्रपट बघतात. पण बघून परत येताना ती जे डोळ्याला ठळक दिसतं तेवढंच घेऊन येतात, म्हणजे हलणं, अंधार आणि तिरकेपणा. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा होता आणि किती वेळ तिथेच उभा राहिला, हे कुणी टिपून आणत नाही. ताण मात्र तिथेच तयार होतो.

हलवला म्हणजे ताण आला असं होत नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

तीनेक वर्षांपूर्वी एका तरुण गटाने मला कॅमेऱ्यासाठी बोलावलं. गोष्ट चांगली होती. एक माणूस संध्याकाळी जुन्या गोव्याहून दिवाडीच्या फेरीबोटीत चढतो आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरतच नाही. सिनेमाची सुरुवात हीच. दिग्दर्शक बावीस-तेवीस वर्षांचा, हुशार, पण अंगात भारी घाई. त्याला सगळं कॅमेरा हातात धरून हवं होतं. "दादा, हलायला पाहिजे. लोकांना अस्वस्थ वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, अरे, बोट आधीच हलतेय. इंजिनाची थरथर पत्र्यातून पायात येते, पायातून खांद्यात आणि खांद्यातून लेन्समध्ये. त्यात आपण आणखी काय हलवायचं? तो ऐकेना. मीही नेट लावला नाही, आणि ती चूक माझी. बोटीवरून सहा वेळा ये-जा केली, सहाही वेळा कॅमेरा हातात. प्रवाशांच्या खांद्यांमधून, हँडलांमधून, कठड्यावरून. संध्याकाळी सगळे खूश होते.

पंधरा दिवसांनी एका सभागृहात वीस-पंचवीस जणांना ती सुरुवात मोठ्या पडद्यावर दाखवली. दुसऱ्या-तिसऱ्या शॉटला एका बाईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना मळमळायला लागलं होतं. पुढच्या रांगेतले दोघे खाली बघत बसले. नंतर आम्ही विचारलं, स्कूटरच्या हुकाला लटकलेली निळी पिशवी कुणी बघितली? अख्खी गोष्ट त्या पिशवीवर उभी होती. एकानेही बघितली नव्हती.

त्याचं कारण साधं आहे. चित्र सतत हलत असलं की डोळा त्याला स्थिर करण्यातच गुंततो. शोध घ्यायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. आणि सुरुवातीला ताण निर्माण होतो तो प्रेक्षक चौकटीत काहीतरी शोधायला लागतो तेव्हा. कोपऱ्यात काय आहे, तो माणूस पाठमोरा का उभा आहे, दार अर्धवट का आहे. स्थिर चौकट प्रेक्षकाच्या हातात काम देते. हलणारी चौकट ते काम काढून घेते.

मी त्या पोराला म्हटलं, मला एक संध्याकाळ दे. यावेळी कॅमेरा बोटीवर नेलाच नाही. दिवाडीच्या बाजूच्या धक्क्यावर ट्रायपॉड लावला, पाय पूर्ण न उघडता, कमरेपेक्षा खाली. मधल्या हुकाला वाळूची पिशवी बांधली, कारण मांडवीवर संध्याकाळी वारा असतो आणि लांब लेन्सला वाऱ्याची झुळूकही पुरते. लेन्स १३५ मिलिमीटरची. एवढ्या लांबून, एवढ्या लांब लेन्सने बघितलं की मधलं पाणी आटल्यासारखं दिसतं. बोट येतेय हे कळतं, पण ती जवळ येतेय असं वाटत नाही. ती नुसती येतच राहते. तेवढ्या वेळात प्रेक्षक एकेक चेहरा वाचून काढतो.

मग बोट लागली. पुढची फळी धाडकन दगडावर पडली. दुचाक्या उतरल्या, एक गाडी उतरली, मासळीची पाटी घेतलेली बाई उतरली, शाळेची दोन मुलं उतरली. बोट रिकामी झाली. मध्यभागी एक स्कूटर उभी, चावी तिलाच, पुढच्या हुकाला निळी पिशवी. खलाशाने स्कूटरकडे बघितलं, मग मागे बघितलं. मी कॅमेरा हलवला नाही. तो स्कूटरपाशी चालत गेला तेव्हा फक्त वीतभर, अगदी सावकाश, उजवीकडे फिरवला. बोटीमागचं काळं पाणी चौकटीत आलं. बस्स. दोन मिनिटं दहा सेकंदांचा एक शॉट, त्यात एकच हालचाल. तीच मंडळी पुन्हा जमली तेव्हा पिशवीबद्दल कुणाला विचारावं लागलं नाही.

या शॉटच्या पाठीमागे आणखी एक धडा आहे, तो कुठल्या पुस्तकात मिळणार नाही म्हणून सांगतो. खलाशाचा एक जवळचा शॉट राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच घड्याळाच्या ठोक्याला गेलो. उजेड तोच, कपडे तेच, बोट तीच. पण जोडायला बसलो तर जुळेना. मांडवीला भरती-ओहोटी असते आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आदल्या दिवशी फळी जेवढी कललेली होती तेवढी आता नव्हती, दगडावरची ओल्याची रेघ वेगळी होती. तेव्हापासून नदीकाठी, खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतात) किंवा मानशीजवळ (त्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) काम असलं की मी कलाकारांच्या तारखांच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो.

आणि ज्यांना बोटीवरूनच शूट करायचं आहे त्यांच्यासाठी : चालू इंजिनाच्या बोटीवर ट्रायपॉड नेहमी उपयोगी पडेल असं समजू नका. त्याचे पाय थरथर थेट वर पोचवतात. जाड रबराचे किंवा फोमचे तुकडे पायांखाली घाला, किंवा गुडघे सैल सोडून कॅमेरा छातीशी धरा. 'जॉज' हा १९७५ चा चित्रपट आठवा. समुद्रातल्या बोटीवरचा त्याचा बराच भाग कॅमेरा हातात धरून घेतलेला आहे, कारण बोट डोलली तरी माणसाचं शरीर तो डोल गिळून टाकतं आणि क्षितिज जागेवर राहतं. तिथे हातातला कॅमेरा चित्र स्थिर ठेवण्यासाठी होता. आमची पोरं नेमकी उलटी शिकवण घेतात.

बघतंय कोण?

दुसरी माझी दुखरी जागा.

सत्तरीतल्या एका गावात मुलांनी कुळागरात सिनेमा केला. जागा सुरेख, पोफळींच्या रांगा, मधून वाहणारा पाट, खाली ओला पाचोळा. सुरुवातीला एक तरुण सून कळशी घेऊन विहिरीकडे जाते, आणि कॅमेरा पोफळींच्या आडून तिच्या मागे मागे जातो. पुढे पानं, मागे ती. कधी थांबतो, कधी झाडामागे सरकतो. तीन मिनिटं. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येत होता, हे मी त्याच खोलीत बसून बघितलंय. मग गोष्ट सुरू झाली, जमिनीच्या वाटणीची, दोन भावांची, विषाची. पंचवीस मिनिटांनी संपली. देवळाच्या सभामंडपात दिवे लागले आणि पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "बाबा, ते सगळं खरं, पण त्या पोफळीआड कोण होतं?"

कुणीच नव्हतं. मुलांनी कॅमेरा तिथे ठेवला कारण तिथून छान दिसत होतं. आजी मात्र पंचवीस मिनिटं त्या माणसाची वाट बघत होत्या. विष कुणी घातलं याकडे त्यांचं अर्धं लक्ष नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "आजी, ते फक्त वातावरणासाठी होतं." मला त्या उत्तराचा राग आला आणि अजूनही येतो. प्रेक्षकाला घाबरवायचं, त्याच्याकडून काळजी उसनी घ्यायची आणि परत द्यायची नाही, हा अप्रामाणिकपणा आहे. आजींचा प्रश्न हे त्या सिनेमाचं सगळ्यात अचूक परीक्षण होतं.

कॅमेरा झाडाआड, खिडकीच्या गजाआड, दाराच्या फटीत गेला की त्याला माणूसपण येतं. आता तो डोळा कुणाचा तरी असतो. मग तो कुणाचा हे तुम्हाला ठाऊक पाहिजे आणि कधीतरी प्रेक्षकालाही कळलं पाहिजे. १९७८ च्या 'हॅलोवीन'ची सुरुवात याच हिशेबावर उभी आहे. अंगाला बांधलेल्या तरंगत्या कॅमेऱ्याने घेतलेला, सलग वाटणारा लांबलचक शॉट. आपण कुणाच्या तरी डोळ्यांनी घराभोवती फिरतो, आत शिरतो, जिना चढतो, मुखवट्याच्या भोकांतून खून बघतो. मग घराबाहेर मुखवटा काढला जातो आणि समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. पहिल्या सेकंदापासून मनात असलेला "कोण?" हा प्रश्न दिग्दर्शकाने तिथल्या तिथे चुकता केला, आणि उत्तर प्रश्नाहून भयंकर निघालं. 'जॉज'मध्येही सुरुवातीला पाण्याखालून वर, पोहणाऱ्या मुलीकडे बघणारी नजर आहे. शूटिंगमधला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत होता, त्यामुळे त्याला दाखवणं टाळावं लागलं. पण नजर कुणाची याबद्दल प्रेक्षकाला शंका राहिली नाही, म्हणून प्राणी न दिसताही भीती टिकली.

माझी स्वतःची सवय सांगतो. शॉटच्या यादीत सगळे लोक तीन रकाने पाडतात : शॉट, लेन्स, हालचाल. मी चौथा पाडतो आणि वर लिहितो, "कोण?" तिथे एकतर गोष्टीतल्या माणसाचं नाव येतं किंवा "गोष्ट" असा शब्द येतो, म्हणजे सांगणाऱ्याची नजर. रकाना रिकामा राहिला तर तो शॉट मी घेत नाही. दिग्दर्शकाने कितीही सुंदर म्हटला तरी.

नाव लिहिलं की बाकीचं आपोआप ठरतं. बघणारा दहा वर्षांचा असेल तर कॅमेरा चार-साडेचार फुटांच्या वर जाणार नाही. सोप्यावर बसलेला म्हातारा असेल तर मान वळवावी तसा हळू वळेल, उठून मागे जाणार नाही. लपलेला माणूस असेल तर त्याच्या आणि तिच्यामध्ये पानं असतील, आणि ती वळली की नजर क्षणभर उशिराने बाजूला होईल. तो क्षणभराचा उशीर फार महत्त्वाचा. यंत्र लगेच हटतं, माणूस दचकून हटतो. आणि रकान्यात "गोष्ट" लिहिलं असेल तर पुढ्यात पानं ठेवू नका, मागे लपतछपत जाऊ नका. समोर उभे राहा आणि सरळ बघा.

त्या मुलांनी पुढे ती सुरुवात पुन्हा घेतली. धाकट्या भावाची नजर केली, पाटातलं पाणी सोडायला गेलेला, हातात खोरं. पोफळीआडून एकदाच खोऱ्याची मूठ दिसते, ओल्या मातीने माखलेली. पुढे त्याच मातीच्या बोटांचे ठसे कळशीवर सापडतात. गोष्टीत एकही नवा प्रसंग घालावा लागला नाही.

लांब शॉट आणि रिकामी खोकी

सलग लांब शॉटचं वेड आता गिंबलमुळे, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यामुळे, घरोघरी पोचलंय. पणजीतल्या फोंताइन्हासच्या गल्ल्यांमधून पिवळ्या-निळ्या भिंतींच्या कडेने तीन तीन मिनिटं कॅमेरा चालत असतो. चालतो, वळतो, पायऱ्या उतरतो. बघणारा विचारतो, बरं, मग?

ज्या शॉटचं नाव ही पोरं घेतात तो ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हल'चा, १९५८ चा. तीन मिनिटांहून जास्त, कुठे कट नाही, क्रेनवर. पण तो चालायला लागण्याआधी काय होतं ते बघा. हातात बॉम्ब, घड्याळ फिरवलं जातं, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो. मगच क्रेन वर उचलली जाते. त्यानंतर गाडी कधी चौकटीत असते, कधी चालणाऱ्या जोडप्याच्या नादात मागे राहते. मी तो शॉट अनेकदा बघितलाय, आणि पोटात गोळा येतो तो गाडी दिसत नसते तेव्हा. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हाच हिशेब मांडला होता. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांची घालमेल.

तेव्हा लांब शॉट घ्यायच्या आधी डिकीत काय ठेवलंय ते सांगा. काही ठेवलं नसेल तर दोन साधे शॉट घ्या आणि पुढे व्हा, गिंबल परत करा, भाडं वाचेल.

याच्या उलट चूक कटच्या घाईची. कलाकार चौकटीबाहेर गेला की लगेच "कट!" अशी आरोळी. मी मनात दहापर्यंत आकडे मोजतो, मगच बोलतो. माणूस निघून गेल्यावर रिकामी राहिलेली वसरी, हलत राहिलेला पाळणा, बंद न झालेलं दार, हे त्या दहा आकड्यांत मिळतं. एकदा सहाव्या आकड्याला पलीकडच्या वाटेवरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, पहाटेचा. खून झालेल्या घरापुढे रोजच्यासारखा पोदेर येऊन थांबतो, यापेक्षा चांगला शेवट त्या प्रसंगाला आम्ही लिहू शकलो नसतो.

अंधार म्हणजे चिखल नव्हे

थरार म्हणजे काळोख असं ठरवून लोक एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, खाली ओढतात. लॅपटॉपवर, रात्री, खोलीतले दिवे बंद करून ते बरंही दिसतं. प्रोजेक्टरवर गेलं की नुसता काळा चिखल. अंधार दिसायला चौकटीत एक उजळ जागा लागते. देवघरातली समई, दूरच्या घराचा बल्ब, दाराच्या फटीतली पट्टी. त्या उजेडावर एक्स्पोजर ठरवा आणि चेहऱ्याची निदान एक कड त्यात येऊ द्या. बाकीचं बुडू दे.

बाहेरची रात्र मी रात्री घेतच नाही. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि घरातले दिवे त्यावर उठून दिसतात. डिसेंबरात ही वेळ सव्वासहाच्या आसपास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. वीस मिनिटांत फार तर दोन शॉट होतात. म्हणून दुपारीच तालीम करा, फोकसच्या खुणा जमिनीवर लावून ठेवा. तेवढी तालीम करायचा कंटाळा येतो म्हणून निळा फिल्टर लावून भर दुपारची रात्र करणारे मला पटत नाहीत.

ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर दोष शटरमध्ये आहे, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते त्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की हिशेब जुळतो, १/६० वर जुळत नाही. बरेच मोबाइल आणि कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० वर बसवलेले येतात, तेवढं बदलून घ्या, २५ फ्रेम आणि १/५० करा. पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर लावला की पट्टे परत येऊ शकतात, कारण छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी एका जागी राहत नाही. अशा वेळी त्या ट्यूब बंद करून बॅटरीवरचे दिवे वापरावेत.

एकेका ओळीच्या गोष्टी

ऑटोफोकस बंद करा, नाहीतर ज्या क्षणी प्रेक्षकाने मागच्या दाराकडे बघायला हवं त्या क्षणी तो पुढच्या चेहऱ्यावर उडी मारेल. ऑटो एक्स्पोजरही बंद, दार उघडलं की खोली फुगल्यासारखी उजळते आणि सगळा ताण जातो. ड्रोनने सुरुवात करू नका, उंचावरून बघणाऱ्याला कशाची भीती नसते, आणि दाबोळीच्या नौदल तळाच्या आसपास तर ड्रोन पिशवीतून काढायचाही नाही. कॅमेरा तिरका एकदाच करा, आणि तोही कुणाचं तरी जग खरोखर कललं असेल तर. १.४ च्या ॲपर्चरवर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, सगळी पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळवून टाकलीत तर धोका कुठून येणार? ५.६ वर या, मागचं दार दिसू द्या. हळू पुढे सरकणारा शॉट माणसाने काहीतरी करायला घेतल्यावर सुरू करा, म्हणजे सरकणं कळत नाही, जाणवतं. पाठलागात दिशा सांभाळा : पळणारा डावीकडून उजवीकडे जात असेल तर मागचाही तसाच गेला पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे दिसतात.

आपले कलाकार, आणि त्यांची पाठ

हे फार कुणी बोलत नाही. आपल्याकडचे बहुतेक कलाकार गावच्या उत्सवातल्या नाटकांतून आलेले असतात. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायची त्यांना सवय. मला त्या परंपरेबद्दल आदर आहे, माझे वडील त्याच रंगमंचावर उभे राहिले. पण ८५ मिलिमीटरची लेन्स चार फुटांवर असते तेव्हा भुवईसुद्धा ओरडते. पहिल्याच मिनिटात कलाकार घाबरून दाखवायला लागला की प्रेक्षकाला घाबरायला जागा उरत नाही.

म्हणून मी सुरुवातीला त्यांना पाठमोरं घेतो. मान, खांदे, ओली पाठ, कानामागचा घाम. पाठ खोटं बोलत नाही, आणि पाठीमागून बघणाऱ्याला पुढचं काय ते दिसत नसतं. एका ज्येष्ठ नटाला मी फक्त एवढंच सांगितलं होतं, "काका, राजांगणातल्या तुळशीला पाणी घाला आणि माजघरातून आवाज आला की पाणी घालणं थांबवा. वळू नका." (राजांगण म्हणजे घराच्या मधलं मोकळं अंगण.) त्यांनी तांब्या थांबवला. पाण्याची धार तुटली, दोन थेंब पडले. त्या दोन थेंबांत जे होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी मिळवू शकलो नसतो. चेहरा चौथ्या मिनिटाला दाखवला.

पावसातली लेन्स

गोव्यात थरारपट म्हटला की पाऊस हवाच असतो, म्हणून हे शेवटी. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा काढून थेट बाहेर आणलात तर थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसते आणि लेन्स धुक्याने भरते. मग सुरू होतं पुसणं. पुसलं की पुन्हा येतं, कारण काच अजून थंडच असते. वाळपईजवळ एका सकाळी आमची पहिली पाऊण तासाची ढगाळ, मऊ, हवी तशी वेळ अशीच पुसण्यात गेली, आणि मग ऊन पडलं. आता कॅमेरा आणि लेन्सा घट्ट तोंडाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून अर्धा-पाऊण तास आधीच वसरीवर ठेवतो. धुकं बसायचं ते पिशवीवर बसतं. काम संपल्यावर लेन्स तशीच पिशवीत कोंबून आठवडाभर विसरू नका, जुलैमध्ये बुरशी फार लवकर धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढा खर्च करा.

सुरुवात जोडून झाली की मी पोरांना आवाज बंद करायला सांगतो. संगीत नाही, धापा नाहीत, काही नाही. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, आणि सिनेमाशी संबंध नसलेली चार-पाच माणसं, शेजारच्या काकू, दुधवाला, कुणाची तरी बहीण. मी भिंतीकडे बघत नाही, त्यांच्याकडे बघतो, हातात वही. कुणी मोबाइलकडे हात नेला, कुणी टेकून बसलं, तर सेकंद लिहून ठेवतो. मग वहीतला तो सेकंद काढून शॉटच्या यादीशी ताडतो आणि चौथ्या रकान्यात काय लिहिलं होतं ते बघतो.